क्षयरोगाच्या जीवाणूंमधील विकरांचे निरोधन

क्षयरोगाच्या जीवाणूला जगण्यासाठी आवश्यक असलेल्या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, कार्य औषधाने बंद पाडणे यास विकर निरोधन म्हणतात. क्षयरोगावरील अनेक प्रमुख औषधे याच तत्त्वावर चालतात.

== पार्श्वभूमी ==
अशी औषधे येण्यापूर्वी उपचाराची भिस्त विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांवर होती. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये 'बेल एअर' आरोग्यधाम स्थापन केले. सांगली व मिरज यांच्या दरम्यानच्या वानलेसवाडीतही क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम होते. योगायोग असा की, आयसोनियाझिड हे रसायन १९१२ मध्येच प्राग येथे प्रथम तयार झाले होते; मात्र त्याचा क्षयरोगावरील गुण उमगण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. १९५२ पासून ते औषध म्हणून वापरात आले.

== कार्यपद्धती ==
या जीवाणूच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर असतो. ही आम्ले तयार होण्यासाठी 'इन्ह-ए' हे विकर लागते. मानवी पेशी मायकोलिक आम्ले बनवत नाहीत, त्यामुळे हे विकर औषधासाठी सोयीचे लक्ष्य ठरते. आयसोनियाझिड मूळ रूपात निष्क्रिय असते. जीवाणूचेच 'कॅट-जी' नावाचे दुसरे विकर त्याला सक्रिय करते. म्हणजे आपल्यावरचे शस्त्र जीवाणू स्वतःच पाजळतो. सक्रिय झालेले औषध पेशीतील एनएडी या रेणूशी जोडले जाते आणि तयार झालेले संयुग इन्ह-एमध्ये घट्ट बसून त्याचे काम थांबवते. हा उलगडा १९९० च्या दशकात झाला; तोवर औषध चार दशके वापरात होते.

रिफॅम्पिसिन हे आरएनए पॉलिमरेज या विकराला, तर अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेले बेडाक्विलिन एटीपी सिंथेज या विकराला रोखते.

== प्रतिरोध व नवे संशोधन ==
कॅट-जीच्या जनुकात उत्परिवर्तन झाले की आयसोनियाझिड सक्रियच होत नाही. एकच औषध दिल्यास किंवा उपचार अर्धवट सोडल्यास असे जीवाणू तग धरून वाढतात. म्हणूनच अनेक औषधे एकत्र दिली जातात. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन्हींना न जुमानणाऱ्या क्षयरोगास बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोग म्हणतात.

कॅट-जीच्या मदतीविना थेट इन्ह-एला रोखणाऱ्या संयुगांचा शोध त्यामुळेच सुरू झाला. पेशीभित्तिकेच्या उभारणीतील 'डीपीआर-ई१' हे आणखी एक लक्ष्य असून, त्यावरील 'टीबीए-७३७१' या संयुगाचा शोध बंगळूर येथील ॲस्ट्राझेनेकाच्या प्रयोगशाळेत लागला. प्रयोगनळीत विकर सहज थांबवणारी पुष्कळ संयुगे जिवंत जीवाणूवर मात्र निष्प्रभ ठरतात, कारण त्याच मेणचट आवरणातून त्यांना आत शिरता येत नाही.