थेंबाथेंबाची गळती आणि जुनी मोटार

मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे गाव आठवते. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातील. अकोल्याहून हिंगोलीकडे जाणारा आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा, असे दोन रस्ते येथे एकमेकांना छेदतात. आता समृद्धी महामार्गही आमच्या तालुक्यातून गेला आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी संपूर्ण 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. रस्ते सुधारले तसे आपल्या व्यापारी घरांतील तरुणांचे लक्ष वेगवान, ऐटबाज परदेशी मोटारींकडे वळले. नवी मोटार परवडत नाही, म्हणून बारा-पंधरा वर्षे वापरलेली घेतली जाते. अशाच एका मोटारीने आमच्या कुटुंबाला जो धडा दिला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

या जुन्या मोटारी आपल्याकडे एवढ्या संख्येने कोठून आल्या, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. 1995 साली पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीज-बेंझची 'डब्ल्यू 124' ही मोटार जुळवली जाऊ लागली. 2007-08च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑडीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. शहरातील पहिल्या मालकाने हौस भागवून त्या विकल्या आणि एकेक करीत त्या लहान गावांत पोहोचल्या. किंमत उतरली, पण तिचे इंजिन, तिचे सुटे भाग आणि तिची निगा यांचा दर्जा मूळ किमतीचाच राहिला. घेणाऱ्याच्या लक्षात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

माझ्या पुतण्याने अशीच एक जर्मन बनावटीची, चौदा वर्षांची मोटार घेतली. आडत दुकानाच्या कामासाठी अकोला आणि नागपूर या त्याच्या नेहमीच्या फेऱ्या. काही आठवड्यांतच गाडीच्या पडद्यावर कूलंट कमी झाल्याची सूचना येऊ लागली. त्याने एका गॅरेजमध्ये दाखविले. बोनेट उघडून पाहिले, खाली कोठे ओल नव्हती. "जुनी गाडी आहे, थोडे पाणी पितेच. टाकत जा," असा सल्ला मिळाला. घरच्या बोअरचे पाणी बाटलीत भरून डिकीत ठेवण्यात आले. सूचना आली की पाणी टाकायचे, दिवा विझला की विसरायचे. असे चार महिने चालले.

वैशाखात माझ्या वहिनींची अकोल्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे तपासणी ठरली होती. पुतण्या, वहिनी आणि मी सकाळी उशिराच निघालो. मेडशी मागे पडली, पातूरचा घाट लागला आणि चढावर बोनेटच्या कडेने वाफ येऊ लागली. पुतण्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि बाटली घेऊन टाकीच्या झाकणाला हात घालणार एवढ्यात मागून येऊन थांबलेल्या एका ट्रकचालकाने ओरडून त्याला अडविले. "हात भाजून घ्यायचा आहे का? अर्धा तास तरी हात लावू नका!" त्या अनोळखी माणसाचे उपकार आम्ही विसरू शकत नाही. वहिनी तासभर झाडाखाली बसून राहिल्या. तपासणीची वेळ चुकली. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून अकोल्याला न्यावी लागली.

तेथील मिस्त्री वयस्क आणि शांत स्वभावाचे होते. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. पाणी किती कमी होते? किती किलोमीटरनंतर कमी होते? गावात फिरून होते की लांबच्या प्रवासानंतर? आम्ही दोघेही निरुत्तर झालो. पस्तीस वर्षे मी बँकेत खातेवह्यांचा ताळा पाहिला. रोकड चार आण्यांनी कमी भरली तरी आम्ही शाखा बंद करून घरी जात नसू. पदरचे चार आणे टाकून मेळ घालणे हा आमच्याकडे गुन्हाच मानला जाई, कारण त्याने तूट झाकली जाते, चूक सापडत नाही. आणि माझ्याच घरात चार महिने नेमके तेच चालले होते. बाटलीतले पाणी म्हणजे पदरचे चार आणे!

मिस्त्रींनी समजावून सांगितले ते येथे सोप्या शब्दांत मांडतो. इंजिनाभोवती फिरणारे कूलंट म्हणजे साधारणपणे निम्मे शुद्ध पाणी, निम्मे ग्लायकोल आणि गंज रोखणारी काही द्रव्ये. ही सारी व्यवस्था बंदिस्त असते आणि तापल्यावर तिच्यात दाब निर्माण होतो. साधे पाणी 100 अंशांना उकळते. हवेच्या दाबावर आणखी एक बार दाब चढला की तेच सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. कोठे बारीकशी भेग पडली तर द्रव जातो आणि दाबही जातो. मग चढावर, ए.सी. चालू असताना, कूलंट उकळू लागते. गरम असताना झाकण उघडले तर दाब एकदम सुटून उकळते पाणी अंगावर उसळते.

मग खाली ओल का दिसत नव्हती? कारण या मोटारींत गळती बहुधा अशा जागी असते, जेथे थेंब गरम धातूवर पडून तत्काळ वाळतो. मागे राहतो तो फक्त पांढरट किंवा गुलाबी खरपुडीचा डाग. पूर्वीच्या अँबेसेडरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. फुटला तर डाग देऊन सांधता येई. आताचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. थर्मोस्टॅटचे घर, जादा कूलंटची टाकी, जोडनळ्या हेही बहुतेक प्लास्टिकचेच. दहा-बारा वर्षे उष्णता सोसून ते ठिसूळ होते. शक्तिशाली इंजिन आणि टर्बो असलेल्या गाडीत बोनेटखाली उष्णता अधिक, जागा कमी. म्हणून तेथे ही झीज लवकर होते.

तपासणी अशी झाली. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून, झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरली. दाबमापकाचा काटा काही मिनिटे स्थिर होता, मग हळूहळू उतरू लागला. बॅटरी आणि आरसा घेऊन शोधता थर्मोस्टॅटच्या घराला इंजिनाच्या मागील अंगाला केसाएवढी भेग सापडली. वॉटर पंपाखालच्या छिद्राशीही वाळलेला ओघळ होता. पंपाचे सील झिजल्याची ती खूण. यानंतर हेड गॅस्केटची परीक्षा झाली. टाकीतील वाफ निळ्या द्रवातून ओढून घेतात. ज्वलनाचा वायू त्यात मिसळला असेल तर द्रव पिवळा होतो. तो निळाच राहिला तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पुतण्याने घाटात वेळीच इंजिन बंद केले नसते तर ॲल्युमिनियमचे हेड वाकडे झाले असते, आणि त्या खर्चात गाडीची उरलेली किंमतच बुडाली असती.

"भेगेपुरता भाग बदलू का?" असे पुतण्याने विचारले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, एकाच वयाची मंडळी आहेत ही. एक गेला की दुसरा फार दिवस थांबत नाही. मजुरी मात्र प्रत्येक वेळी तेवढीच लागेल." त्यामुळे पंप, थर्मोस्टॅट, त्याचे घर, फुगलेल्या जोडनळ्या, टाकी आणि झाकण असे सारे एकदम बदलले. बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला होता, तो धुऊन काढला. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे कूलंट भरले. रंग पाहून कूलंट निवडू नये, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य बंधन नाही. आणि भिन्न प्रकार मिसळले तर आत गाळ धरू शकतो. शेवटी हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून आत अडकलेली हवा काढली. ही हवा राहून गेली तर नवे भाग घालूनही इंजिन तापते.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय आहे. बाजारात गळती थांबविणाऱ्या भुकट्याही मिळतात. रानात अडकलेल्या ट्रकला त्याने गावापर्यंत पोहोचता येईलही. परंतु या गाड्यांतील बारीक वाहिन्या आणि हीटर त्याने तुंबतात. भेग मात्र तशीच राहते.

वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुनी मोटार घेण्यापूर्वी कूलंट, पंप आणि थर्मोस्टॅट केव्हा बदलले हे पावतीसह विचारावे आणि दाबाची चाचणी करून घ्यावी. गाडीत गोडसर वास, पायाखालची ओली चटई, काचेवर चिकट धुके असेल तर हीटर गळत असतो. तेल काढणीवर दुधाळ तेल दिसले, धुराड्यातून सतत पांढरा धूर आला, तर गाडी चालवू नये. तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नये. अनेक गाड्यांत तो बराच वेळ मध्यावरच ठेवलेला असतो. वाटेत इंजिन तापले तर ए.सी. बंद करावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांनी विशेष जपावी. ग्लायकोलची चव गोड असते आणि ते विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्रे, मांजर, वासरू चाटते, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन जिवास मुकते. सांडलेले कूलंट बारदानाने वा वाळूने टिपून घ्यावे, मग जागा भरपूर पाण्याने धुवावी. काढलेले जुने कूलंट नालीत ओतू न देता डब्यात भरून गॅरेजकडे सोपवावे आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. आपल्या हौसेपायी मुक्या जिवाला क्लेश होऊ नयेत.

आता पुतण्याच्या गाडीत एक छोटी वही असते. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, तारीख, किलोमीटर आणि टाकीतील पातळी तो लिहून ठेवतो. परवा वही मला दाखवीत म्हणाला, "काका, ताळा जुळतो आहे." वहिनींची पुढची तपासणी वेळेवर झाली. त्या दिवशी पातूरचा घाट चढताना मी मात्र बोनेटकडेच पाहत होतो.