मोटारीच्या पाठीचे कान

सायंकाळची वेळ असते. इमारतीच्या अरुंद आवारांत एक मोटार मागें मागें सरत येते. आंतून 'टीं, टीं' असा आवाज ऐकूं येऊं लागतो. गाडी सरत जाते तसतसा तो जलद होत जातो, आणि शेवटीं त्याचा एकच अखंड सूर लागतो. चालक गाडी थांबवून खालीं उतरतो आणि पाहतो, तों भिंत जेमतेम दीड वितीवर राहिलेली असते. मोटारीच्या पाठीला डोळे नाहींत. मग हें अंतर तिनें ओळखलें कसें? डोळ्यांचें काम येथें कानांनीं केलेलें आहे, आणि हे कान बसविलेले असतात मागच्या बंपरांत.

बंपर म्हणजे मोटारीच्या पुढच्या व मागच्या टोकांना असणारा आडवा पट्टा. पूर्वीं तो चकचकीत मुलाम्याच्या पोलादाचा असे. मंद गतीनें धक्का बसला तर तो स्वतः सोसावा आणि दिवे व आंतील भाग सुरक्षित ठेवावे, हें त्याचें काम. 1972 सालीं निघालेल्या रेनो 5 या फ्रेंच मोटारीला प्लॅस्टिकचे बंपर होते, आणि पुढें तीच रीत सर्वत्र रूढ झाली. हल्लीं बाहेरून दिसतें तें केवळ प्लॅस्टिकचें आवरण होय. त्याच्या आड बहुधा धक्का जिरविणारा फेसाळ पदार्थाचा थर असतो व त्यामागें धातूची तुळई. याच आवरणावर रुपयाच्या नाण्याएवढीं, बहुधा दोन ते चार, वाटोळीं बटणें दिसतात. तींच पार्किंग सेन्सर. बंपराचा धर्म धक्का सोसण्याचा, तर या बटणांचा धर्म तो धक्का मुळांतच टाळण्याचा.

त्यांची युक्ति निसर्गाला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. काळोखांत उडणारें वटवाघूळ मनुष्याला ऐकूं न येणारे सूक्ष्म चीत्कार करतें व त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाटेंतील अडथळे ओळखतें. या शक्तीला 1944 सालीं डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'एकोलोकेशन' असें नांव दिलें. यंत्राला ही विद्या शिकविण्याची किल्ली त्याआधींच हातीं आली होती. 1880 सालीं झाक व पिएर क्यूरी या बंधूंना असें आढळलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते. उलटपक्षीं, अशा स्फटिकास वीज दिली तर तो कंप पावतो. पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हां यानें समुद्रांतील पाणबुड्या हुडकण्यासाठीं याच गुणाचा उपयोग केला. आजच्या बटणांत स्फटिकाऐवजीं तसाच गुण असलेली चिनी मातीसारखी चकती असते. वीज मिळतांच ती सेकंदाला सुमारें 40,000 कंप करते. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारें 20,000 कंपांची असल्यामुळें हा नाद गाडींत बसलेल्यांस ऐकूं येत नाहीं.

पुढचें सर्व काम त्रैराशिकाचें. वीस अंश सेंटिग्रेड उष्णमानांत ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें 343 मीटर जातो. भिंत दीड मीटरवर असेल, तर जाऊन येऊन तीन मीटरांच्या प्रवासास त्याला सेकंदाचा सुमारें नऊ हजारांश भाग लागतो. भिंत तीस सेंटिमीटरवर असेल तर दोन हजारांशांहूनही कमी. यंत्र हा काळ मोजतें, त्यास ध्वनीच्या गतीनें गुणतें व आलेलें अंतर निम्में करतें. अनेक बटणांपैकीं जें सर्वांत जवळचें अंतर दाखवील, त्यावर आवाजाची लय ठरते.

येथें एक अडचण आहे. ध्वनि सोडणारें तोंड व प्रतिध्वनि ऐकणारा कान ही एकच चकती असते. देवळांतली घंटा टोल दिल्यावरही कांहीं काळ घुमत राहते, तशीच ही चकतीही क्षणार्ध थरथरत राहते. ती शांत होण्यापूर्वींच प्रतिध्वनि परत आला तर तो ओळखतां येत नाहीं. म्हणून अगदीं जवळचें अंतर मोजणें यंत्रास जमत नाहीं, आणि साधारणतः तीस सेंटिमीटरांच्या आसपासच तें अखंड सूर लावून थांबण्याची सूचना देतें.

इतर मर्यादाही लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. तिरकस पृष्ठभागावर आदळलेला ध्वनि दुसरीकडेच निघून जातो. मऊ कापड त्याला शोषून घेतें. बारीक तार किंवा सडपातळ खांब फारच क्षीण प्रतिध्वनि देतो. पदपथाची बुटकी कड बटणांच्या टप्प्याखालीं राहते, आणि खड्डा तर कांहींच उत्तर देत नाहीं. बटणावर चिखल बसला, किंवा बंपर दुरुस्त करतांना त्यावर रंगाचे जाड थर चढले, तरी हा कान बधिर होतो.

या मर्यादांचें मोल कधीं कधीं फार जड असतें. 2002 सालीं न्यूयॉर्क राज्यांत एक पिता घरासमोर मोटार मागें घेत असतां त्याचें दोन वर्षांचें मूल तिच्याखालीं सांपडून दगावलें. मूल इतकें लहान कीं मागच्या कांचेंतून तें दिसणेंच शक्य नव्हतें. पुढें 2008 सालीं त्या बालकाच्या नांवानें अमेरिकेंत कायदा झाला, आणि 1 मे 2018 पासून तेथील नव्या मोटारींस मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा आवश्यक ठरला. भारतांत 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्यापूर्वींच्या कित्येक गाड्या मात्र त्यांवांचूनच धांवतात.

यंत्र मुकाट आहे एवढ्यावरून मागची जागा मोकळी आहे असें मानणें धोक्याचें. त्या मौनाचा अर्थ एवढाच कीं, प्रतिध्वनि परत आला नाहीं. म्हणून शहाणा चालक गाडीत बसण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी घालतो, आवारांतील मुलांना आपल्या नजरेसमोर उभें करतो, आणि मगच गाडी हळूहळू मागें घेतो. या फेरीला अर्धें मिनिटही पुरतें.