४२,००० किलोमीटरचं गणित

ऑक्टोबर १९४५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात २७ वर्षांच्या आर्थर सी. क्लार्क यांचा लेख छापून आला. मानधन १५ पौंड. पुढे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मुळे त्यांचं नाव जगभर झालं. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम या लेखातल्या एका आकड्यात आहे: ४२,००० किलोमीटर.

पृथ्वीच्या केंद्रापासून एवढ्या अंतरावर, विषुववृत्ताच्या वर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फेरी पुरी करतो आणि जमिनीवरून एकाच जागी दिसतो. हे अंतर केपलरच्या नियमातून (फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो) निघतं आणि त्याचा पडताळा तोंडीही घेता येतो. चंद्र या कक्षेच्या साधारण ९ पट दूर आहे. ९चा घन ७२९, त्याचं वर्गमूळ २७. आणि चंद्राच्या एका फेरीला लागतात २७ दिवसांहून थोडे अधिक! आजचा काटेकोर आकडा ४२,१६४. त्यातून पृथ्वीची त्रिज्या वजा केली की जमिनीपासूनची उंची उरते ३५,७८६ किलोमीटर. तिथून पृथ्वीचा सुमारे ४२ टक्के पृष्ठभाग नजरेत येतो. म्हणूनच १२० अंशांवर ठेवलेले ३ उपग्रह ध्रुवांकडचा भाग सोडून सगळं जग जोडतात.

अशी कक्षा हर्मन पोटोच्निक यांनी १९२८च्या सुमारास मांडली होती. जगभरच्या प्रसारणासाठी ती वापरायची सविस्तर योजना मात्र क्लार्क यांची. रॉयल एअर फोर्समधल्या रडारच्या कामाचा अनुभव त्यामागे होता. त्या योजनेत स्थानकांवर माणसं राहणार होती. व्हॉल्व्हच्या जमान्यात देखभालीला माणूस हवाच. ट्रान्झिस्टर आला १९४७च्या अखेरीस. १९६४मध्ये ‘सिनकॉम ३’ माणसाविनाच त्या कक्षेत पोचला आणि टोकियो ऑलिंपिकची दृश्यं अमेरिकेत दिसली. यंत्रांचा अंदाज चुकला, गणित टिकलं. मला क्लार्क थोर वाटतात ते या गणितासाठी.

पुणे जिल्ह्यातलं आर्वीचं उपग्रह केंद्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं, तेही याच कक्षेतल्या उपग्रहांशी बोलण्यासाठी. मग १९७५-७६मध्ये ‘साइट’ प्रयोग झाला. नासाच्या ‘एटीएस-६’वरून ६ राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला, तो खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, जेमतेम ३ मीटर व्यासाच्या अँटेनांमुळे. क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत स्थायिक झाले होते. भारतीय अभियंत्यांनी त्यांच्याही कोलंबोतल्या घरी अँटेना बसवून दिली.