तोफांच्या मैदानातून चेंबूरला

मुंबईत गोल्फ आला तेव्हा फोर्टाचा तट शाबूत होता. 1842 साली निघालेला रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब कलकत्त्याच्या (1829) पाठोपाठ देशातला दुसरा. त्याला जागा मिळाली ती तोफांच्या कृपेने. शत्रू चालून आला तर गोळ्यांच्या वाटेत काही येऊ नये म्हणून तटाबाहेरचा पट्टा, म्हणजे एस्प्लनेड, मोकळा राखलेला होता. कातड्यात पिसं ठासून शिवलेले चेंडू साहेब लोक तिथे टोलवत.

1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडला आणि शहर त्या मोकळ्या पट्ट्यावर चालून आलं. पुढे हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर उभे राहिले. उरलं ते ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान. त्यावरही भांडणं! पोलोवाल्या गोऱ्यांचे घोडे खेळपट्ट्या तुडवतात म्हणून देशी क्रिकेटपटूंना सरकारदरबारी अर्ज करावे लागले. क्रिकेट अशा तुकड्यात भागवून घेतं. 18 होलच्या गोल्फला मात्र शंभरेक एकर लागतात. एवढी जमीन शहराला नको असेल तिथेच मिळणार.

1920 च्या दशकातलं चेंबूर नेमकं तसं होतं. कुर्ल्याहून तिथवर रूळ टाकले ते माणसांसाठी नव्हे, कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवासी गाडी सुरू झाली 1924 मध्ये. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब चेंबूरला स्थापन झाला 1927 साली, आणि शेजारच्या देवनारची कचराभूमीही त्याच वर्षाची. जुना रॉयल बॉम्बे आता नाही; हा आहे.

यानंतर क्लब हलला नाही, शेजार मात्र पार बदलला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, राज कपूरचा आर. के. स्टुडिओ आला, 1950 च्या दशकात माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने, मग खतांचा. मोनोरेलच्या स्थानकांची नावंच पाहा: फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम. एवढ्या धुराड्यांच्या सावलीत हिरवळ टिकली याचं कौतुक वाटतं. पण ती टिकली कुंपणामुळे, हेही खरं. ज्या उपनगरात पोरं गल्लीत स्टंप रंगवून खेळतात, तिथे एवढी मोकळी जागा सभासदांपुरती असणं मला खटकतं. कुंपण काढून टाकलं असतं तर मात्र तिथे बाग झाली नसती, टॉवर झाले असते, याबद्दल मुंबईकराला शंका नसावी.

पैसे भरून कुणालाही खेळता येईल असा गोल्फ कोर्स सिडकोने बांधला, तो खाडीपलीकडे, खारघरच्या डोंगराच्या कुशीत.