प्रवाळभिंतीपलीकडची वाहतूक

केरळच्या किनाऱ्यापासून अरबी समुद्रात साधारण २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेल्या लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे मोजली जात असली, तरी वस्ती त्यांपैकी १० बेटांवरच आहे आणि सगळी जमीन एकत्र केली तरी तिचे क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटरच भरते. कोचीहून निघालेल्या जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. परंतु या प्रवासातील अवघड भाग खोल समुद्रात नसून शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत आहे, आणि ते ध्यानात घेतल्याखेरीज तेथील वाहतुकीची घडण समजत नाही.

यांतील बहुतेक बेटे कंकणद्वीपे आहेत, म्हणजे प्रवाळ या सागरी जीवांच्या सांगाड्यांपासून तयार झालेल्या कड्यासारख्या भिंतीवर साचलेल्या वाळूचे अरुंद पट्टे आहेत. भिंत आणि बेट यांच्यामध्ये उथळ पाण्याचा जो विस्तार अडून राहतो त्याला खारकच्छ म्हणतात. तो सामान्यतः बेटाच्या पश्चिमेस असतो, आणि भिंतीतील चिंचोळ्या वाटांनी त्यात शिरणे केवळ लहान होड्यांनाच शक्य असते. त्यामुळे मोठे जहाज बाहेरच थांबते आणि त्याच्या कुशीतील दारातून प्रवाशांना लाटांवर हेलकावणाऱ्या होडीत उतरवले जाते. बेटावरच्या वृद्ध स्त्रियाही हे सवयीने सहज करतात. पर्यटकांना आकर्षित करणाऱ्या जाहिरातींत मात्र या उतरणीचा उल्लेख क्वचितच आढळतो.

या मार्गावरील 'एमव्ही कवरत्ती' हे जहाज सुमारे ७०० प्रवासी नेऊ शकते, तर 'एमव्ही कोरल्स' आणि 'एमव्ही लगून्स' यांची क्षमता प्रत्येकी ४०० प्रवाशांची आहे. ही जहाजे केवळ प्रवाशांची नाहीत, कारण त्यांच्या पोटात मालासाठीही जागा राखलेली असते. आणि तिकिटासाठी पर्यटकाबरोबर रांगेत असतात ते कोचीच्या रुग्णालयातून घरी परतणारे रुग्ण, मुख्य भूमीवर शिकणारे विद्यार्थी आणि सरकारी कर्मचारी. अशा स्थितीत पर्यटकाचा हक्क शेवटचा मानला जावा, हे न्याय्यच म्हटले पाहिजे.

मालाचा पसारा याहून मोठा आहे. २०११च्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून थोडी अधिक असलेल्या या लोकसंख्येला नारळ आणि मासे सोडले तर जवळजवळ सर्व काही बाहेरून आणावे लागते : तांदूळ, भाजीपाला, औषधे, गॅसची सिलिंडरे, सिमेंट, खडी आणि विजेसाठी लागणारे डिझेल. या मालाचा मोठा भाग कोळिकोडजवळच्या बेपूर बंदरातून आणि मंगळूरहून यांत्रिक गलबतांनी जातो. अमिनी, कदमत, किल्तान, चेतलाट आणि बित्रा ही उत्तरेकडची बेटे १९५६पूर्वी दक्षिण कॅनरा जिल्ह्यात मोडत असल्याने त्यांचा मंगळूरशी जुना व्यापारी संबंध आहे. परतताना हीच गलबते खोबरे, काथ्या आणि सुकवलेली मासळी आणतात, पण हा परतीचा माल जाणाऱ्या मालाच्या मानाने फार थोडा असल्यामुळे जाण्याच्या भाड्यातच दोन्ही फेऱ्यांचा खर्च बराचसा वसूल करावा लागतो, आणि तो शेवटी बेटावरच्या दुकानातील भाज्यांच्या दरात उतरतो.

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गलबतांची ये-जा बंद असते. कोकणातील बंदरांना हा विराम परिचित आहे. फरक इतकाच की कोकणात मागे घाटरस्ता असतो, बेटाच्या मागे पुन्हा समुद्रच. म्हणून पावसाळ्यापूर्वी धान्य व इंधन यांचा साठा करून ठेवण्याची पद्धत आहे. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे पश्चिमेकडील वाटा खवळल्या की जहाजांना आडोसा शोधत पूर्वेच्या बाजूस यावे लागते, आणि याच कारणासाठी काही बेटांवर पूर्व किनाऱ्यालाही धक्के बांधण्यात आले आहेत.

विमानाचा मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतो. अगत्ती बेटाच्या दक्षिणेकडील निमुळत्या टोकावर १९८८मध्ये सुरू झालेल्या विमानतळाची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर लांब आहे. तेथे एटीआर जातीची पंखाचक्रांची विमाने उतरतात, परंतु इतक्या आखूड पट्टीवरून पूर्ण भाराने उड्डाण करता येत नसल्याने काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. कोचीची सेवा जुनी आहे. २०२४पासून गोव्याच्या मोपा विमानतळावरूनही अगत्तीला विमान जाऊ लागल्याने महाराष्ट्र-गोव्यातील प्रवाशाला कोचीचा वळसा टाळता येतो. अगत्तीहून बंगाराम किंवा कवरत्तीकडे जाण्यासाठी पुन्हा बोटच घ्यावी लागते. हेलिकॉप्टरसेवेचे महत्त्व मुख्यतः गंभीर रुग्णांना हलवण्यात आहे. शिवाय १९६७च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना लागतो.

धावपट्टी लांबवावी आणि दक्षिणेकडील मिनिकॉयवर नवा विमानतळ उभारावा, अशी चर्चा वारंवार होते. परंतु अगत्तीची पट्टी वाढवायची तर ती पाण्यावरच न्यावी लागेल, आणि लाटांचा मारा अडवणारे व पर्यटकांना खेचून आणणारे प्रवाळ त्याच पाण्यात आहे. त्या बांधकामाचे सिमेंट आणि खडीही जहाजांनीच आणावी लागणार असल्यामुळे निदान काही वर्षे तरी बेटकऱ्यांच्या तांदळाला आणि डिझेलला याच मर्यादित जागेत नव्या मालाशी स्पर्धा करावी लागेल.