कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावर दोघे

वसई, उत्तन, अर्नाळा ह्या बाजूच्या आमच्या वाचकांना नाव म्हटली की खारे पाणी आठवते. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळणे, वारा पाहणे, जाळी टाकणे हे सारे त्यांच्या रक्तातच आहे. परंतु गोड्या पाण्यावरून, डोंगर-रानांच्या मधून, दिवसभर मोटारलाँचने प्रवास करता येतो, आणि तोही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेस राहून, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तसा प्रवास केलेल्या एका दांपत्याची हकीकत येथे देत आहे. आपली नावे छापू नयेत अशी त्यांची इच्छा आहे. गृहस्थ मूळचे वसईकडचे. सारी नोकरी सिकंदराबादेस रेल्वेच्या कारखान्यात झाली. मुले परदेशी गेली, निवृत्ती आली आणि घरात दोघेच उरली. मग कुरबुरी वाढू लागल्या. हे बाईंनीच मोकळेपणी सांगितले. "फादर, भांडण कशावरून होते हेसुद्धा सांगता येत नसे. रेडिओ मोठा लावला की भांडण, लहान लावला की भांडण."

गृहस्थांच्या मनात एक जुनी हौस होती. नोकरीत असताना त्यांनी इंग्लंडातील कालव्यांवरच्या प्रवासाविषयी वाचले होते. एल. टी. सी. रोल्ट नावाचे एक यंत्रतज्ज्ञ लेखक व त्यांची नवपरिणीत पत्नी अँजेला ही दोघे १९३९ साली 'क्रेसी' नावाच्या लांबट, अरुंद लाकडी नावेतून मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर निघाली. मुळात ती ओझी वाहणारी जुनी नाव होती. तिला मोटारगाडीचे इंजिन बसविलेले होते आणि आत बिऱ्हाड थाटलेले होते. ह्या प्रवासावरचे रोल्ट ह्यांचे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून इंग्लंडातील लोकांना आपल्या मोडकळीस आलेल्या कालव्यांची आठवण झाली. १९४६ साली ते कालवे वाचविण्यासाठी जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत रोल्ट होते. गृहस्थांना हे सारे पाठ आहे. मी मात्र त्यांना पुढची गोष्टही आठवून दिली. रोल्ट पतिपत्नी सुमारे बारा वर्षे त्या नावेतच राहिली आणि १९५१ साली एकमेकांपासून दूर झाली. नावेवर राहिल्याने संसार आपोआप सुखाचा होतो असे मुळीच नव्हे. किंबहुना तेथे जागा इतकी थोडी की राग आला तर उठून जायला अंगणही नसते.

हैदराबादची स्वतःची नदी मुशी. तिच्यावर आज लाँच चालण्यासारखे पाणी नाही; १९०८ सालच्या सप्टेंबरात मात्र तिने एवढे पाणी दाखविले की शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. ही मुशी नलगोंडा जिल्ह्यात वाडापल्लीजवळ कृष्णेस मिळते, आणि तेथेच, वझिराबादपासून खाली, कृष्णेचा भाग सरकारने २००८ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केला आहे. २०१६ च्या कायद्याने देशातील अशा जलमार्गांची संख्या एकशे अकरा झाली. कागदावर पाहिले तर हैदराबादच्या माणसाने वाडापल्लीस नावेत बसावे, विजयवाड्यास कालव्यात शिरावे आणि काकीनाड्यास किंवा थेट पुदुच्चेरीच्या बाजूस उतरावे. प्रत्यक्षात असे अखंड जाता येत नाही. कोठे गाळ, कोठे पूल ठेंगणा, कोठे धरण. आमच्या दांपत्यालाही जेथे लाँच मिळेल तेथे पाण्यावरून आणि मधली वाट आगगाडीने असाच तुकड्यातुकड्यांनी प्रवास करावा लागला.

पहिला तुकडा नागार्जुनसागर ते श्रीशैलम. हैदराबादपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नागार्जुनसागरचे दगडी धरण आहे. त्याची पायाभरणी पंडित नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ रोजी केली व १९६७ साली त्याच्या कालव्यांत पाणी सोडण्यात आले. तेलंगण सरकारच्या पर्यटन खात्याची लाँच येथून धरणाच्या फुगवट्यावरून वर, श्रीशैलमच्या धरणाच्या पायथ्याशी लिंगालगट्टूपर्यंत जाते. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक, वेळ पाच-सहा तासांचा. पण धरण भरले असेल तरच. पूर्ण भरतीची पातळी ५९० फूट. पाणी तिच्या जवळपास असल्याखेरीज वरच्या अंगाचे खडक बुडत नाहीत आणि लाँच सोडीत नाहीत. म्हणून पावसाळा सरता सरता चौकशी करावी लागते. काही वर्षी लाँच मुळीच निघत नाही. आमचे दांपत्य एका वर्षी सारी तयारी करून घरीच बसले होते, ते ह्याच कारणाने.

आरंभी पाणी समुद्रासारखे पसरलेले असते. डाव्या हातास नागार्जुनकोंड्याचे बेट दिसते. तिसऱ्या-चौथ्या शतकांत येथे इक्ष्वाकु राजांची राजधानी होती. विहार, स्तूप, घाट, सारे ह्या पाण्याखाली जायचे होते. १९५४ ते १९६० पर्यंत उत्खनन करून जे उचलता आले ते उचलले आणि टेकडीच्या माथ्यावर पुन्हा रचून ठेवले. आज ती टेकडीच बेट झाली आहे. पुढे दोन्ही बाजूंनी नल्लमलाचे डोंगर जवळ येतात, नदी वळणे घेऊ लागते, आणि मग तासन् तास गाव नाही, रस्ता नाही. ह्या रानात चेंचू आदिवासी राहतात आणि दोन्ही तीरांवर वाघांची राखीव अरण्ये आहेत. वाघ दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. दिसतात ते पाणकावळे, आणि काठाशी गोल टोपलीसारखी नाव वल्हवणारा एखादा मासेमार.

डिझेल इंजिनाची घरघर सतत चालू. दूरध्वनीची ओढ नाही, कारण तो लागतच नाही. गृहस्थ म्हणाले, "छत्तीस वर्षांत आम्ही इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. मी पाळीवर असायचा, ही चुलीशी." पहिले दोन तास दोघे काहीच बोलली नाहीत. नंतर बाईंनी विचारले, "अहो, आपण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीने गेलो होतो, ते आठवते का तुम्हाला?" त्यांना आठवत नव्हते. बाईंनी ते सारे पुन्हा सांगितले: कोण कोण होते, कोणाची चप्पल पाण्यात पडली. चप्पल आपलीच होती हे ऐकल्यावर गृहस्थांना सगळेच आठवले. ह्यापेक्षा अधिक काही घडले असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

श्रीशैलमचे मल्लिकार्जुनाचे मंदिर ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्याने लाँचवर यात्रेकरूच अधिक असतात. मराठी माणसाला तेथे आणखी एक आठवण होते. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, कुतुबशहाची भेट घेऊन पुढे श्रीशैलास आले होते. ते आले त्या वेळी हे धरण नव्हते. खोल दरीत महाबळेश्वरची कृष्णा खडकांवर आपटत वाहत होती.

परत येऊन दोघे आगगाडीने विजयवाड्यास गेली. गुणदळेच्या टेकडीवरील पवित्र मरियेचे तीर्थस्थान आमच्या वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. १९२४ साली फादर आर्लाती ह्यांनी तेथे लूर्दमातेची मूर्ती स्थापिली; ११ फेब्रुवारीच्या सणास लाखो लोक येतात. हा सारा प्रदेश १९३० च्या दशकापर्यंत हैदराबादच्या धर्मप्रांतात होता आणि मिलानच्या मिशनसंस्थेचे इटालियन धर्मगुरू तेथे काम करीत. त्या काळी कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील खेड्यांत जायचे म्हणजे कालव्यातील नाव हेच रोजचे वाहन होते.

हे कालवे ज्याच्या डोक्यातून निघाले तो इंजिनियर आर्थर कॉटन. राजमहेंद्रीखाली धवळेश्वरम येथे त्याने १८४७ ते १८५२ ह्या काळात गोदावरीवर बंधारा बांधला, आणि शेताला पाणी देणारा कालवा नावेलाही चालला पाहिजे असा त्याचा आग्रह असे. पाण्याची पातळी बदलते तेथे दोन दारांच्या मध्ये नाव कोंडून पाणी हळूहळू चढवितात वा उतरवितात. त्याला लॉक म्हणतात. पण त्याचे मोठे स्वप्न वेगळेच होते. समुद्रापासून गोदावरीने वर, उजव्या तीरावर निजामाचे राज्य ठेवून, सिरोंच्यापर्यंत आणि तेथून प्राणहिता-वर्धेने हिंगणघाटच्या कापसापर्यंत आगबोटी न्यावयाच्या! वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मगुडेमला बंधारा व कालवा झाला, पुढचे काम रखडले. १८६७ साली नागपूरला मुंबईची आगगाडी पोचली आणि १८७१ साली गोदावरीचे हे काम सोडून देण्यात आले. आगगाडी वेगाने जिंकली ह्यात नवल नाही; रेल्वेत हयात घालविलेल्या आमच्या गृहस्थांना मात्र ह्या एका गोष्टीत आपल्या खात्याचा राग येतो.

गोदावरीवरच दुसरा तुकडा करावयाचा होता: पूर्वघाट फोडून नदी जेथे अरुंद होते त्या पापिकोंडलूच्या खिंडीतला. तेथे मात्र बाई अडून बसल्या, आणि त्यांचे कारण खरे होते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी, नदीला पूर असताना, सहलीची एक बोट कच्चुलूरूजवळ भोवऱ्यात उलटली. सत्तराहून अधिक माणसे बोटीवर होती, सव्वीस वाचली. काठच्या आदिवासी गावकऱ्यांनी आपल्या होड्या पाण्यात घातल्या म्हणून तेवढी तरी वाचली. बुडालेल्यांत हैदराबाद-वरंगळकडची पुष्कळ होती. जॅकेट अंगावर होते ते बरेच जण तरले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. त्यानंतर बोटी काही काळ बंद होत्या. पुढे नियम कडक करून पुन्हा सुरू झाल्या.

संथ पाण्यावरही गाफील राहता येत नाही. हैदराबादच्या मध्यभागी असलेल्या हुसेनसागर तलावात १९९० साली बुद्धाची प्रचंड मूर्ती नेणारा तराफा कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसेही दगावली. मूर्ती १९९२ साली वर काढून उभी केली. माणसे परत आली नाहीत. आपल्याकडे जॅकेट अंगावर घालणाऱ्याला भित्रा समजतात. मच्छीमारांच्या गावांत तर अधिकच. आपल्या मुलाबाळांसमोर वडिलांनी आधी जॅकेट घालावे, एवढे तरी मला येथे सांगितलेच पाहिजे. नदीला पूर असेल त्या दिवशी, किंवा बोटीत बसण्याच्या जागेपेक्षा माणसे अधिक असतील तर, तिकिटाचे पैसे बुडाले तरी घरी परतावे.

राजमहेंद्रीच्या घाटावर दोघांची बरीच वादावादी झाली. गृहस्थ म्हणत, एवढे लांब आलो. बाई म्हणत, मला मिळणाऱ्या जॅकेटची बंदे तुटलेली आहेत. बोटीवरचा पोरगा हसला. गृहस्थ कारखान्यातले, त्यांनी ती बंदे हातात घेऊन ओढून पाहिली, आणि काही न बोलता तिकिटे परत केली. पुलाजवळच्या पायऱ्यांवर दोघे संध्याकाळपर्यंत गोदावरी पाहत बसली. नाशिकचे पाणी, पैठणचे पाणी, नांदेडचे पाणी, असे बाई मोजीत होत्या.

येत्या हिवाळ्यात, पूर ओसरल्यावर, भद्राचलमच्या बाजूने ती खिंड पाहण्याचा त्यांचा विचार आहे. दोन जॅकेटे त्यांनी सिकंदराबादेतच विकत घेऊन ठेवली आहेत.