पिकविणाऱ्याचा कारखाना

ऊस ज्याने पिकवावा त्यास साखरेच्या नफ्यात वाटा नसावा, हे शल्य मॉरिशसच्या गिरमिटियांच्या वंशजांस नवे नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न देशातील लहान शेतकऱ्यासही तेच सलत आले. फळे त्याची, मुरंब्याचा नफा मात्र दुसऱ्याचा! म्हणून तेथील काँग्रेसने २००० साली कायद्याने मूल्यवर्धन-अनुदानाची योजना काढली. दुधाचे चीज वा धान्याचे पीठ करून स्वतः विकू पाहणाऱ्या उत्पादकास केंद्रीय कृषिखाते त्यातून साहाय्य देते. ही खिरापत मात्र नव्हे. सरकारी रकमेइतकाच वाटा शेतकऱ्यास घालावा लागतो. शिवाय पैसा मिळतो तो योजना आखण्यास व खेळत्या भांडवलास, इमारत किंवा यंत्रे घेण्यास नाही. ज्याच्या गाठी काहीच नाही, त्यास ही अट जाचकच म्हटली पाहिजे.

यंत्रांचा प्रश्न मिनेसोटा व नॉर्थ डकोटातील बीट-उत्पादकांनी आधीच निराळ्या रीतीने सोडविला होता. १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकन क्रिस्टल ही साखर कंपनीच विकत घेऊन ती सहकारी केली. प्रवराकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभारला, तो त्याच्याही सुमारे दोन तपे आधी.